कलम 8 आणि बाकीचे विद्यापीठ

राज्य विद्यापीठाची बातमी पहिल्या पानावर येते ती बहुधा कुलगुरूंची निवड कोणी करायची या वादावरून. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. उच्च व तंत्रशिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करायचे आणि कुलगुरूपदासाठी निवड समितीने सुचवलेल्या नावांपैकी दोनच नावे सरकारने राज्यपालांकडे पाठवायची, असा त्याचा गाभा होता. त्यावर रान पेटले. पुढे 2022 मध्ये सरकार बदलले आणि विधेयक मागे घेतले गेले. केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगाल या राज्यांत राज्यपाल आणि सरकार यांच्यात हाच वाद न्यायालयापर्यंत गेला. अशा भांडणांमुळे वाचकाची समजूत होते, की कुलपतींची खुर्ची कोणाच्या हाती यावरच विद्यापीठाचे स्वातंत्र्य ठरते. ती खुर्ची महत्त्वाची आहे, पण विद्यापीठाचा रोजचा कारभार तिथून चालत नाही. तो चालतो कायद्यातल्या कमी चर्चेच्या कलमांवरून: कोणत्या कामाला कोणाची पूर्वमान्यता लागते, कोणत्या कामाला मुदत आहे आणि कोणत्या कामाला मुळीच नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात यातले सर्वांत वजनदार कलम आठवे आहे, आणि त्यावर मोर्चा निघालेला कोणी पाहिलेला नाही.

मुळात विद्यापीठ जन्मते कसे? जागा घेतली, इमारत उठवली, प्राध्यापक नेमले, तरी विद्यापीठ होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातले कलम 22 सांगते, की पदवी देण्याचा अधिकार संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत दर्जा मिळालेल्या संस्थेला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. म्हणून राज्य विद्यापीठाचा जन्मदाखला म्हणजे विधिमंडळाचा कायदा. त्या कायद्याने त्याला स्वतःचे कायदेशीर व्यक्तित्व मिळते. ते स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगते, दावा लावते, त्याच्यावर दावा लावता येतो. कुलगुरू बदलले, सरकार पडले तरी ते टिकून राहते. हा दाखला किती जपून द्यायचा असतो, याचा धडा छत्तीसगडने दिला. 2002 मधल्या तिथल्या एका कायद्याने सरकारला नुसती अधिसूचना काढून खाजगी विद्यापीठ स्थापन करण्याची मुभा मिळाली आणि थोड्याच अवधीत शंभराच्या आसपास विद्यापीठे कागदावर उभी राहिली. त्यांतल्या कित्येकांकडे वर्गखोल्याही नव्हत्या. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली संबंधित कलमेच रद्द केली. विद्यापीठ स्थापन करणे हा राज्याचा अधिकार आहे. पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि त्यात समन्वय राखणे हा विषय संघसूचीत, 66 व्या नोंदीत आहे. शिवाय 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत नेले. त्यामुळे राज्य विद्यापीठ जन्मापासूनच दोन सत्तांच्या नियमांखाली असते. एक त्याला जन्म देते, दुसरी त्याचा दर्जा ठरवते.

हा ताण आजचा नाही. 18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेही कायद्यानेच, त्या वर्षीच्या बाविसाव्या अधिनियमाने. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते आधी केवळ परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. शिकवायचे काम महाविद्यालयांचे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन पहिले कुलपती झाले आणि सर्वोच्च सरकारी अधिकाऱ्याने कुलपती असायची जी रीत तेव्हा पडली, ती वासाहतिक राज्य संपल्यावरही आपण चालू ठेवली. राज्यघटनेत असे काही लिहिलेले नाही. राज्यपाल कुलपती असतात ते त्या त्या विद्यापीठाच्या कायद्यामुळे. केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने 2010 मध्ये ही जबाबदारी राज्यपालांवर टाकू नये असेच सुचवले होते. पण त्याहून बोधप्रद आहे 1904 चा भारतीय विद्यापीठ कायदा. तोवर विद्यापीठांचे फेलो तहहयात असत आणि अधिसभा फुगत चालली होती. लॉर्ड कर्झनच्या सरकारने मोठ्या विद्यापीठांच्या अधिसभेला पन्नास ते शंभर सदस्यांची मर्यादा घातली, मुदत पाच वर्षांची केली, निवडून येणाऱ्यांच्या जागा वीस ठरवल्या आणि बाकीच्या बहुसंख्य जागा नेमणुकीने भरण्याची व्यवस्था केली. अधिसभेने केलेले नियम बदलण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला. विद्यापीठांची गुणवत्ता सुधारायची, हे कर्झनचे जाहीर कारण अगदी खोटे नव्हते. भारताच्या विद्यापीठ कायद्यांत सरकारचा हात वाढतो तो बहुतेक वेळा सुधारणेच्या नावाने, आणि सुधारणेची गरज सहसा खरीच असते. म्हणून तर त्या हाताला विरोध करणे अवघड जाते.

पुढची विद्यापीठे कायद्याच्या याच मुशीतून निघाली. 1923 मध्ये नागपूर, मध्य प्रांताच्या कायद्याने. 1949 मध्ये पुणे, बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. 1958 मध्ये मराठवाडा, ज्याची महाविद्यालये त्याआधी उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. 1962 मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. गोव्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न होती, 1984 चा गोवा विद्यापीठ कायदा अमलात येईपर्यंत. आपल्याकडे बहुतेक विद्यापीठे संलग्नता देणारी, म्हणून प्रत्येकाच्या कायद्यात भूगोल असतोच. कोणत्या जिल्ह्यातले महाविद्यालय कोणाचे हे तिथे ठरते. 2004 मध्ये सोलापूर जिल्हा शिवाजी विद्यापीठातून, 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले ते याच मार्गाने.

आज महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांसारखी पारंपरिक अकरा विद्यापीठे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खाली चालतात. 1994 चा जुना कायदा बाजूला सारून हा कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला. राहुरीसारखी कृषी विद्यापीठे, नाशिकची आरोग्य विज्ञान आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठे, रामटेकचे संस्कृत विद्यापीठ, अलीकडचे रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ, यांचे कायदे स्वतंत्र आहेत. विद्यापीठाचे नाव आणि क्षेत्र कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेले असते. ही अनुसूची म्हणजे कारकुनी तपशील वाटतो, पण मराठवाड्याने तिचे वजन सोसले आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै 1978 मध्ये मंजूर केला. त्यानंतर दंगली झाल्या, माणसे मारली गेली, दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नाव प्रत्यक्ष बदलले ते 14 जानेवारी 1994 रोजी, नामविस्तार म्हणून. ठराव हा कायदा नव्हे. एवढ्या फरकाला साडेपंधरा वर्षे लागली.

कायद्याने उभी केलेली रचना वरून पाहता नीटनेटकी आहे. वर कुलपती, म्हणजे राज्यपाल. त्यांच्याखाली कुलगुरू: मुदत पाच वर्षे किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते, आणि पुन्हा नेमणूक नाही. मग प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते. पण कागदोपत्री तरी विद्यापीठ चालवायचे ते अधिकाऱ्यांनी एकट्याने नव्हे, प्राधिकरणांनी. अधिसभेत प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक, नोंदणीकृत पदवीधर निवडून येतात. ती अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल पाहते, प्रश्न विचारते. व्यवस्थापन परिषद कारभाराचे निर्णय घेते. विद्या परिषद अभ्यासाचे. बी.ए.च्या मराठीला कोणती पुस्तके लागतील याचा विचार आधी अभ्यास मंडळात होतो, मग विद्याशाखेतून तो विद्या परिषदेपर्यंत चढतो. मूळ कायद्याखाली परिनियम असतात, त्यांना कुलपतींची संमती लागते. त्यांच्याखाली अध्यादेश आणि विनियम. वर्गातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ म्हणून जे भेटते ते बहुतेक या खालच्या थरांतून आलेले असते: उत्तीर्ण होण्याचे निकष, पुनर्मूल्यांकनाचे नियम, शुल्क.

आता कलम 8. राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाने काय करू नये, याची ही यादी आहे. शिक्षकाचे, अधिकाऱ्याचे किंवा कर्मचाऱ्याचे नवे पद निर्माण करू नये. वेतन, भत्ते, निवृत्तीनंतरचे लाभ बदलू नयेत. एका कामासाठी राखलेला निधी दुसऱ्याकडे वळवू नये. स्थावर मालमत्ता विकू नये, भाडेपट्ट्याने देऊ नये. संलग्न महाविद्यालयांबाबत सरकारवर थेट किंवा आडून आर्थिक भार पडेल असा निर्णय घेऊ नये. एकेक वाक्य सुटे वाचले तर त्यात खटकण्यासारखे काही नाही. एकत्र वाचले की चित्र दिसते: विद्यापीठ काय शिकवायचे ते ठरवू शकते, शिकवणारा ठरवू शकत नाही. विद्या परिषदेने नवा विषय मंजूर केला, तर त्याला प्राध्यापक मिळेल का हे मंत्रालयातल्या आकृतिबंधावर आणि वित्त विभागाच्या टिपणीवर ठरते. मंजूर असलेले पद निवृत्तीने रिकामे झाले तरी ते भरायला पुन्हा मान्यता, मग बिंदुनामावलीची तपासणी, मग जाहिरात. तोवर विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतो आणि अधिकाऱ्यांच्या दारावरच्या पाट्यांवर 'प्रभारी' हा शब्द वर्षानुवर्षे राहतो. यात कोणी कट रचत नाही. फाइल थांबते, एवढेच होते.

याच कायद्यात परीक्षेच्या निकालाची तरतूद आहे. शेवटच्या पेपरपासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, आणि काही झाले तरी पंचेचाळीस दिवसांत तो लावावा. उशीर झाला तर कारणे वर कळवावीत. मुदत योग्यच आहे, विद्यार्थ्याचे पुढचे वर्ष त्यावर टांगलेले असते. पण उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक नेमायच्या मान्यतेला अशी मुदत कुठेच नाही. विधिमंडळाने विद्यापीठाला घड्याळ लावले आणि सरकारला तशी सक्ती केली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: राज्य विद्यापीठाची स्वायत्तता कुठे कमी होते हे पाहायचे, तर निर्णय कोण घेतो याच्या जोडीने तो कधी घ्यावा लागतो हेही पाहावे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे आणि तो हलका नाही. पगार करदात्यांच्या पैशांतून होतात, मग सरकारने विचारायचे नाही तर कोणी? विद्यापीठांना मोकळे रान दिले तर वशिल्याची भरती होईल, जमिनी विकल्या जातील, महाविद्यालये अनुदानाचे ओझे वाढवत राहतील. हे भय पोकळ नाही. शिक्षणसंस्थांचा आपल्याकडचा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो ते हसण्यावारी नेणार नाही. पण पैशाच्या हिशेबाचा अधिकार आणि निर्णय टांगून ठेवण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारने नवे पद नाकारावे, कारण लिहून नाकारावे, ठराविक दिवसांत नाकारावे. नकार मिळालेले विद्यापीठ स्वतःच्या निधीतून काही करू शकते, अभ्यासक्रम बदलू शकते, निदान विद्यार्थ्यांना खरे सांगू शकते. उत्तरच न मिळालेले विद्यापीठ यातले काही करू शकत नाही. शिवाय विद्यापीठाचा सगळा पैसा सरकारी नसतो. संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्क यांतून संलग्नता देणाऱ्या विद्यापीठांना बरेच उत्पन्न मिळते, आणि ते शेवटी विद्यार्थ्यांच्या पालकांच्या खिशातून येते.

दुसरा आक्षेप प्राधिकरणांवर आहे. निवडणुकांनी विद्यापीठांत राजकारण आणले, अधिसभेत पक्षांचे गट बसले. मग सगळ्याच प्राधिकरणांना वेळेवर निवडून येऊ द्या असे म्हणण्यात काय हशील? 2016 च्या कायद्याने हा आक्षेप बराचसा मान्यच केलेला आहे. पूर्वी विद्याशाखेने निवडलेले अधिष्ठाते आता निवड समितीतून नेमले जाणारे पूर्णवेळ अधिकारी झाले, अभ्यास मंडळांत नामनिर्देशित सदस्य वाढले. हे बदल काही अंशी पटण्यासारखे आहेत: अधिष्ठात्याने मते मागत हिंडणे कोणाच्याच हिताचे नव्हते. पण नेमणुकीने राजकारण संपते ही समजूत भाबडी आहे. नेमणूक करणाराही कोणाचा तरी असतो, फक्त त्याला मतदाराला तोंड द्यावे लागत नाही. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची मुदत 31 ऑगस्ट 2022 रोजी संपली. पदवीधर गटाची निवडणूक ऑगस्ट 2023 मध्ये स्थगित झाली, मतदार यादीच्या तक्रारींचे कारण देऊन. सप्टेंबर 2024 मध्ये मतदान तोंडावर आले असताना राज्य सरकारच्या सूचनेवरून ते पुन्हा थांबवले गेले. अखेर उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि 24 सप्टेंबरला मतदान झाले. दहाही जागा सत्ताधाऱ्यांच्या विरोधातल्या युवासेनेने जिंकल्या. निकाल कोणाला आवडला वा नावडला तरी वेळापत्रकातली गोष्ट तशीच राहते: जी निवडणूक मुदत संपताना व्हायला हवी होती, तिला दोन वर्षे जास्त लागली, आणि त्या काळात अर्थसंकल्पावर प्रश्न विचारायला पदवीधरांनी निवडलेले दहा सदस्य सभागृहात नव्हते. विद्यार्थी परिषदेचेही तेच. कायद्याने तिच्या थेट निवडणुकांची सोय केली, 2019 मध्ये त्या जाहीरही झाल्या, आणि मग पुढे ढकलल्या गेल्या.

तिसरा आक्षेप दिल्लीकडे बोट दाखवतो. राज्यांच्या कलमांची चिकित्सा कशाला, आता सगळे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने ठरते, असे तो म्हणतो. त्यात तथ्य आहे. मार्च 2022 मध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुलगुरूंची नेमणूक रद्द केली, कारण ती आयोगाच्या नियमांशी विसंगत होती. राज्याचा कायदा आणि आयोगाचे नियम यांत विरोध आला तर नियम वरचढ, असे न्यायालय म्हणाले. त्याच वर्षी केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठाबाबत तोच निकाल आला. महाराष्ट्रालाही आपली निवड समिती या नियमांशी जुळवून घ्यावी लागली. पुढे 2023 मध्ये कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनेमणूक न्यायालयाने रद्द केली, तीही कुलपतींनी स्वतःच्या निर्णयाऐवजी राज्य सरकारच्या सांगण्यावरून सही केली म्हणून. पण या निकालांनी ठरले ते कुलगुरू कसा निवडायचा एवढेच. निवडल्या गेलेल्या कुलगुरूच्या हाताखाली किती प्राध्यापक असतील यावर आयोगाच्या नियमावलीने राज्याच्या तिजोरीला आजवर हलवलेले नाही.

कोणी म्हणेल, विद्यापीठांवर एवढा विश्वास टाकावा असे त्यांनी काय करून दाखवले? 2017 चे मुंबई विद्यापीठ आठवा. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला गेला, निकाल रखडले, हजारो विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले. कायद्याची पंचेचाळीस दिवसांची मुदत आणि कुलपतींनी दिलेली 31 जुलैची तारीख, दोन्ही उलटल्या. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. चूक विद्यापीठाचीच होती यात शंका नाही. पण या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष उलट दिशेला जातो. तिथे मुदत कायद्यात लिहिलेली होती, म्हणून ती मोडल्याचे सगळ्यांना दिसले. जबाबदार पद निश्चित होते, म्हणून कारवाई झाली. कलम 8 खालची फाइल तीन वर्षे पडून राहिली तर मोडलेली तारीख कुठली दाखवायची आणि कोणाला विचारायचे?

म्हणून कायदा दुरुस्त करायचा झाला तर कुलपती कोण हा प्रश्न मी नंतर घेईन. आधी कलम 8 मध्ये मुदत घालावी: मान्यतेचा प्रस्ताव ठराविक दिवसांत मंजूर करावा किंवा लेखी कारणांसह फेटाळावा, आणि प्रलंबित प्रस्तावांची यादी दर अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावी. प्राधिकरणांच्या निवडणुकीची तारीख कायद्यातच बांधावी आणि ती पुढे ढकलायची तर त्याची कारणे अधिसभेपुढे मांडावीत. सरकारला असे बांधून घेता येत नाही, असे कोणी म्हटले तर याच कायद्यातले कलम 109 पाहावे. नवे महाविद्यालय उघडायला परवानगी देण्यासाठी तिथे विद्यापीठालाच नव्हे तर सरकारलाही तारखा घालून दिलेल्या आहेत: अर्ज कधीपर्यंत, इरादापत्र कधीपर्यंत, अंतिम परवानगी कधीपर्यंत. नवी महाविद्यालये निघण्यात रस असणाऱ्यांचे विधिमंडळात वजन होते, म्हणून ते वेळापत्रक कायद्यात आले. आधीपासून चालू असलेल्या विभागांत शिकवणाऱ्यांच्या बाजूने तसे वजन अजून कोणी टाकलेले नाही.